गणपतीचं मखर यंदा सुतळीचं करायचं का?

सेक्रेटरी काका: मखराचं लवकर ठरवा मंडळी. रेडिमेडवाल्याने फोटो पाठवलेत, आज हो म्हटलं तर ठेवतो म्हणतोय 🙏

सी-३०२ काकू: काका जरा थांबा ना. यंदा सुतळीचं करूया, गाठी मारून. मॅक्रमे, म्हणजे दोराच्या गाठींचं विणकाम, येणाऱ्या बऱ्याच जणी आहेत आपल्यात, प्रत्येकीच्या गॅलरीत कुंडीचा झुला लटकतोय

बी-२०४ दादा: काकू आयडिया छान पण सुतळी म्हणजे गोणपाट वाटेल हो. बाप्पाचं मखर जरा भरजरी हवं

सी-३०२ काकू: दादा तू शिल्पकार मृणालिनी मुखर्जींचं काम बघ एकदा. आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजलाच शिकल्या त्या, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन सरांच्या विद्यार्थिनी, आणि सर तर हातमाग मंडळात काम करून आलेले, विणकर कुंभार सगळ्यांना मानणारे. तर या बाईंनी हेम्पचा, म्हणजे तागासारख्या तंतूचा दोर घेतला, माग नाही, सुई नाही, आधी चित्रही काढायच्या नाहीत, नुसती गाठीवर गाठ मारत जायच्या महिनोन्महिने आणि त्यातून माणसाहून उंच मूर्ती उभी राहायची. १९८४ ची यक्षी बघ, नंतरची वनश्री बघ, एवढ्या जाड दोराला फुलासारख्या घड्या पडल्यात, गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. तेव्हा कितीतरी लोक याला नुसती हस्तकला म्हणायचे. २०१५ ला त्या गेल्या आणि २०१९ ला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन केलं. गोणपाट म्हणू नकोस रे

बी-२०४ दादा: बघितलं आत्ता. बापरे. हे दोराचं आहे???

ए-१०१ आजी: मागच्या पडद्याला माझी जुनी लुगडी घ्या, बोहारणीला देऊ नका कोणी. दांडिया बाजारच्या वाड्यात आम्ही गोधड्या शिवायचो, वर मऊ लुगडं आत फाटकी धोतरं, कडेकडेने धावदोरा घालत मध्ये यायचं, हात फिरवून सारखं करत राहायचं नाहीतर आतलं कापड गोळा होतं. तशी मोठी गोधडीच करू मागे, काठ मात्र वरून दिसले पाहिजेत, ते उगाच आत दडपू नका

डी-४०३: मी फाइन आर्ट्सलाच आहे, रंगवायचं काम माझ्याकडे. गाठींत दोर खूप जातो, तयार लांबीच्या चौपट तरी धरा. आणि आतून लोखंडी सांगाडा लागेल, मुखर्जींच्याही काही कामांत असायचा, नाहीतर वजनाने सगळं खाली ओढलं जाईल

सेक्रेटरी काका: ते सगळं बरोबर पण सुतळी पेट घेते. आरतीच्या वेळी मुलं धावत असतात

डी-४०३: काका समई, निरांजन पुढे लांब चौरंगावर ठेवू. मखरात कापूर, उदबत्ती काहीच नको, फक्त एलईडी

सेक्रेटरी काका: हे लिहून चिकटवायचं तिथे. मग मी रेडिमेडवाल्याला नाही कळवतो. फॅब्रिकेटरला माप कोण देणार?

बी-२०४ दादा: मी देतो. मांडवीतून सुतळी पण आणतो, किती किलो ते सांगा

सी-३०२ काकू: आधी एक हात लांबीचा तुकडा करून अंदाज घेऊ. रविवारी सकाळी अगाशीवर या सगळ्या, मुलांनाही आणा, साधी गाठ त्यांनाही जमते