प्रश्नावलीत सगळे ‘सहमत’, वॉर्डात मात्र जुनीच पद्धत

प्रश्न : परिचारिका_म्हसरूळ

सर्वांना नमस्कार. मी नाशिकमध्ये एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असून पुराव्यावर आधारित परिचर्या (म्हणजे संशोधनाने सिद्ध झालेल्या पद्धतीने रुग्णसेवा) आणि नवे तंत्रज्ञान यांकडे रुग्णालयातील कर्मचारी कोणत्या दृष्टीने पाहतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. शहरातील एका खासगी रुग्णालयात मी चाचणी म्हणून काही जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. सिस्टर असोत, ब्रदर असोत वा निवासी डॉक्टर, बहुतेक सगळेच ‘पूर्णपणे सहमत’वर खूण करून कागद परत देतात.

त्याच वॉर्डात दुपारच्या शस्त्रक्रियांच्या यादीतील रुग्णांनाही ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबसुद्धा नको’ हीच सूचना जाते. कळवणकडून आलेल्या एक आजी दुपारी एक वाजता ओठांवरून ओला कापूस फिरवून घेत होत्या आणि त्यांची नात चहाचा थर्मास पिशवीत लपवून शेजारी बसली होती. ड्युटीवरच्या सिस्टरांनी आदल्याच दिवशी ‘नवे संशोधन समजल्यास मी माझी पद्धत बदलेन’ या विधानाला पूर्ण गुण दिले होते. रुग्णांच्या नोंदींसाठी दिलेल्या टॅबचेही तसेच आहे. बीपी, नाडी, ताप हे सगळे आधी कागदावर टिपले जाते आणि पुढच्या पाळीला ओव्हर देण्याच्या थोडे आधी सर्व रुग्णांचे आकडे एकदम टॅबमध्ये चढवले जातात, त्यामुळे सकाळी आठचा ताप दुपारी दीडच्या वेळेने नोंदला जातो. हा दृष्टिकोनाचा प्रश्न मानावा, की माझी मोजपट्टीच कुचकामी आहे?

उत्तर : भूलतज्ज्ञ_नाशिकरोड

सिस्टर, उपवासाचे उदाहरण तुम्ही नेमके निवडले आहे. नियोजित शस्त्रक्रियेआधी निरोगी रुग्णाला दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखे स्वच्छ द्रव देता येतात, हे अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 1999 मध्येच मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवले आहे. हलका आहार आणि दूध यांसाठी सहा तास, तर तळकट जेवणासाठी आठ किंवा अधिक तास सोडावे लागतात. भूल दिल्यावर पोटातील अन्न श्वासनलिकेत जाऊ नये, हा यामागचा हेतू असून दीर्घकाळचा मधुमेह, गरोदरपण किंवा तातडीची शस्त्रक्रिया असेल तर हिशेब निराळा होतो. हे सगळे माझ्या ओळखीच्या प्रत्येक सर्जनला ठाऊक आहे.

मग ‘रात्री बारा’ का टिकून आहे? कारण आपल्याकडे ओटीची (शस्त्रक्रियागृहाची) यादी सकाळी एक असते आणि दहा वाजता दुसरीच होते. दुपारची केस अचानक वर घेतली आणि रुग्णाने नुकतेच पाणी प्यायलेले असले, तर बोलणी वॉर्डातल्या सिस्टरला खावी लागतात, यादी बदलणाऱ्याला नव्हे. शिवाय ‘पातळ चालेल’ असे सांगितले की नातेवाईक दुधाचा चहा पाजतात, आणि तो आमच्या हिशेबात दूधच धरला जातो. अशा स्थितीत सरसकट उपाशी ठेवणे हा त्या सिस्टरने स्वतःच्या बचावासाठी शोधलेला मार्ग असतो. मी ज्या ठिकाणी काम करतो तिथे ओटीतून वॉर्डात फोन करून प्रत्येक रुग्णाची शेवटच्या पाण्याची वेळ सांगायची आणि ती केसपेपरवर लिहायची, एवढी पद्धत पडल्यावर बराच फरक पडला. त्यासाठी कोणाचे प्रबोधन करावे लागले नाही. फोन करण्याची जबाबदारी कोणाची, यावर मात्र पुष्कळ वाद झाले.

उत्तर : निवृत्त_मेट्रन

ताई, भूलतज्ज्ञ सरांच्या म्हणण्याला माझा दुजोरा आहे, पण जुन्या सिस्टर नव्या संशोधनाकडे संशयाने पाहतात तेव्हा तो नेहमीच हट्ट असतो असे समजू नका. इंट्राकॅथचेच, म्हणजे सलाइनसाठी शिरेत ठेवायच्या बारीक नळीचेच घ्या. आम्हाला बहात्तर तास झाले की ती बदलायची, असे शिकवले होते. 2012 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचा 3283 रुग्णांवरील अभ्यास आला. ठरावीक दिवशी बदलली किंवा गरज पडल्यावरच बदलली, तरी शिरेला सूज येण्याचे प्रमाण दोन्ही गटांत 7 टक्केच निघाले. पुष्कळ ठिकाणी नियम बदलला. पुढे 2021 मध्ये जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयाने आपला अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा ‘गरज पडल्यावरच’ हा नियम लावल्यानंतर रक्तातील जंतुसंसर्ग वाढल्याचे आणि जुना नियम परत आणल्यावर तो कमी झाल्याचे दिसले.

‘गरज पडल्यावर’ या शब्दांत प्रत्येक पाळीत सुईची जागा उघडून पाहणे गृहीत आहे. एका सिस्टरकडे रातपाळीला अख्खा वॉर्ड असेल, तर ते पाहणार कोण? अशा वॉर्डात तारीख लिहून चिकटपट्टी लावणारी सिस्टर मला तरी मागासलेली वाटत नाही. तिच्याकडे जेवढे हात आहेत तेवढ्यात सांभाळता येईल असाच नियम ती पाळते.

टॅबबद्दल थोडक्यात सांगते. जोवर तपासणीला येणारे लोक कागदी रजिस्टर मागतात, तोवर टॅब हे दुप्पट लिहिण्याचे काम राहणार आणि ते शेवटीच उरकले जाणार.

उत्तर : तालुका_वैद्यकीय

मी पेठ-सुरगाण्याच्या बाजूला काम करतो. क्षयरोगाच्या सीबीनॅट या यंत्रावर होणाऱ्या चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये मान्यता दिली. सुमारे दोन तासांत जंतू आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरील मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही, हे दोन्ही कळते. पूर्वी कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या, अहवालासाठी कित्येक आठवडे जात आणि तोवर रुग्ण मजुरीसाठी निघून गेलेला असे. या यंत्रासाठी आमच्या कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन कोणी बदलला नाही, कारण हातात उत्तर लवकर येत होते. उलट जी ॲप फक्त वर आकडे पाठवण्यासाठी असतात, त्यांच्याविषयी रेंज नसल्याची तक्रार रेंज असतानाही होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

उत्तर : संशोधन_मार्गदर्शक

तुमच्या वर्णनावरून तुम्ही ॲरन्स या संशोधकांची 2004 मधील पंधरा विधानांची मोजपट्टी किंवा तिच्यासारखीच एखादी वापरत असाव्यात. ती कॅलिफोर्नियात मुलांच्या मानसिक आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांसाठी तयार झाली. तिचे चार भाग आहेत, आणि त्यांतील एक भाग वरिष्ठांनी, संस्थेने किंवा शासनाने बंधनकारक केल्यास तुम्ही ती पद्धत स्वीकाराल का, असे विचारतो. मेट्रनच्या म्हणजे मुख्य परिचारिकेच्या टेबलासमोर बसून या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी सिस्टर मला आजवर भेटलेली नाही. तेव्हा कागद कोण वाटतो, कोण गोळा करतो आणि त्यावर नाव किंवा कर्मचारी क्रमांक आहे का, हे आधी तपासा. बंद पेटी ठेवली तरी उत्तरे बदलतात. मराठी भाषांतर केले असेल तर ते दुसऱ्या व्यक्तीकडून उलट इंग्रजीत करून मूळ विधानांशी पडताळून घ्या.

मात्र मेट्रन मॅडम आणि डॉक्टरांनी सर्व दोष व्यवस्थेवर टाकला, तो मला पूर्ण पटत नाही. त्याच वॉर्डात, त्याच मनुष्यबळात एखादी सिस्टर ओटीला स्वतः फोन करून आजींना पाणी द्यायचे का, हे विचारते आणि दुसरी विचारत नाही. हा फरक दृष्टिकोनाचाच आहे आणि तुमचा प्रबंध तिथेच उभा राहू शकतो. त्यासाठी प्रश्नावलीसोबत प्रत्यक्ष वर्तनाची एक नोंद घ्या. शेवटचे पाणी केव्हा दिले आणि भूल केव्हा दिली, या दोन वेळांतील अंतर पुरेसे आहे. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिशास्त्र समितीकडे हा बदल आधी कळवावा लागेल.

परिचारिका_म्हसरूळ

सर्वांची आभारी आहे. भूल दिल्याची वेळ भूलतज्ज्ञांच्या कागदावर मिळते, परंतु शेवटच्या पाण्याची वेळ आमच्या केसपेपरवर कुठेच लिहिलेली नसते. ती रुग्णाला विचारून लिहिली तर मार्गदर्शकांना चालेल का?

संशोधन_मार्गदर्शक

चालेल, पण शस्त्रक्रियेनंतर नव्हे, ओटीत नेण्यापूर्वी विचारा, आणि नातेवाइकांना वेगळे विचारा. थर्मासची माहिती त्यांच्याकडूनच मिळेल. मात्र रुग्णाने काही घेतल्याचे कळले, तर ते तुमच्या तक्त्यात लिहिण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगावे लागेल. समितीला पाठवायच्या मसुद्यात हे वाक्य अवश्य घाला.