हॉल्टिंग प्रॉब्लेम: खरी भिंत की सोयीची सबब?

धागाकर्ता:
कोड आपोआप तपासण्याचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "प्रोग्रॅम थांबेल की नाही हे सांगता येत नाही, गणितज्ञ अॅलन ट्युरिंगने १९३६ मध्येच सिद्ध केलंय." थांबेल की नाही, हाच तो हॉल्टिंग प्रॉब्लेम. चर्चा तिथेच आटोपते. मला हे पटत नाही. ट्युरिंगने दाखवलं ते एवढंच की सगळ्या प्रोग्रॅमना, सगळ्या इनपुटना पुरून उरेल असा एकच अल्गोरिदम नाही. दर फेरीत एकाने कमी होत शून्यावर संपणारा लूप थांबणारच, आणि हे साधं साधनही सांगू शकतं. आपले बहुतेक लूप याच जातीचे असतात.

प्रतिसाद १:
"बहुतेक"वर भिस्त ठेवू नका. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, १ आला की थांबा. चार ओळींचा कोड. २७ पासून सुरू केलं तर ९२३२ पर्यंत चढतो आणि १११ पायऱ्यांनी १ वर येतो. प्रत्येक संख्येसाठी थांबतोच का? कोलाट्झ या गणितज्ञाचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

प्रतिसाद २:
पण ट्युरिंगने कल्पिलेल्या यंत्राची टेप, म्हणजे त्याची मेमरी, अमर्याद होती; आपली नाही. अवस्था, म्हणजे एका क्षणी मेमरीत जे असेल ते, मर्यादितच असणार. तीच अवस्था पुन्हा आली की प्रोग्रॅम कायमचा अडकला. म्हणजे प्रश्न सुटतो की!

प्रतिसाद १:
कागदावर सुटतो. नुसती १ किलोबाइट मेमरी घ्या: ८१९२ बिट. त्यांच्या एकूण अवस्थांचा आकडा लिहायलाच २४६७ अंक लागतात. त्या तपासत कोण बसणार?

धागाकर्ता:
एकेक अवस्था तपासायची गरजच काय? 'बिझी बीव्हर' हे कोडं बघा. पाच अवस्था (इथे मेमरीच्या नव्हे, यंत्राच्या नियमांच्या), दोन चिन्हं, कोरी टेप: ट्युरिंगच्या अशा यंत्रांपैकी थांबणारं यंत्र जास्तीत जास्त किती पायऱ्या चालेल? ४,७१,७६,८७० पायऱ्या चालणारं यंत्र १९८९ मध्येच सापडलं होतं. त्याहून जास्त चालून थांबणारं एकही नाही, हे २०२४ मध्ये सिद्ध झालं, तेही इंटरनेटवर जमलेल्या हौशी मंडळींच्या मेहनतीने. एकाच युक्तीने नव्हे. यंत्रांचे गट पाडले, आणि काही हट्टी यंत्रांसाठी तर स्वतंत्र सिद्धता लिहिल्या. सगळ्या कुलपांना एक किल्ली नाही, म्हणून किल्ल्या घडवणं सोडायचं का?

प्रतिसाद १:
मेहनतीला सलाम. पण एकच अवस्था वाढवा. सहा अवस्थांत 'अँटिहायड्रा' नावाचं यंत्र आहे. ते थांबतं का, हा प्रश्न थेट कोलाट्झसारख्याच कोड्यावर जाऊन अडतो. भिंत इतकी जवळ आहे, एवढंच माझं म्हणणं.

धागाकर्ता:
जवळ आहे, मान्य. म्हणून साधनाला तिसरं उत्तर द्यायची मुभा हवी: "थांबेल", "थांबणार नाही", "मला ठरवता येत नाही". पहिली दोन कधीच चुकता कामा नयेत. तिसरं जिथे येईल तो लूप आपण बदलून लिहायचा. यात ट्युरिंगच्या प्रमेयाला कुठे धक्का लागतो?