थेरपीची तीन सेशन्स झाली, पण हे असंच असतं का?

मदत हवी आहे. झोप उडाली होती, फुटकळ कारणावरून घरच्यांवर खेकसत होते, म्हणून शेवटी थेरपिस्टकडे जायला लागले. आठवड्यातून एकदा, ५० मिनिटं. मला वाटलं होतं, आपण मन मोकळं करायचं आणि काय करायचं ते त्या सांगतील. तर सल्ला असा देतच नाहीत! परवा विचारलं, "नोकरी सोडू का?" तर म्हणाल्या, "सोडलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कसं वाटेल?" मी गप्पच. घड्याळाकडे बघत बसले.

वर गृहपाठ. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी तपासून बदलायची थेरपी) पद्धत आहे, त्यामुळे वहीत तीन रकाने: काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं. (वही चार दिवस कोरी आहे, ते सोडा.) गुप्ततेचं पहिल्याच दिवशी स्पष्ट झालं, कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मात्र त्या इतरांना कळवतील. त्याची काळजी नाही.

पण सेशननंतर दिवसभर डोकं जड होतं, रडू येतं. सुरुवातीला असं होतं का? तुम्हाला फरक कितव्या सेशनला जाणवला? आणि "आपलं जमत नाहीये" हे त्यांना तोंडावर सांगितलं तर चालतं का? स्वतः थेरपी घेतलेल्यांनीच सांगा, "ध्यान करून बघ" प्लीज नको.