जुने टीव्ही गेम खरंच भारी होते, का आपणच लहान होतो?

खमंग_शेव:
दिवाळीत माळा साफ करताना आमचा जुना टीव्ही गेम सापडला, पिवळ्या कार्ट्रिजवर ९९९९ इन १ लिहिलेलं (आत मोजून वीसेक गेम, बाकी तेच फिरून फिरून). आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात होतो तेव्हा बाबांनी जेल रोडवरून आणलेला. लावला, ११ वर्षांच्या भाच्याला बसवलं, तर दहा मिनिटांत म्हणतो मामा हे सेव्ह कुठे होतं, आणि मोबाईल घेऊन पसार. राग आला, पण मग एकटा खेळलो तर मलाच अर्धे गेम बोर झाले की! मग आपण इतकी वर्षं कौतुक कशाचं करतोय?

पोहे_जलेबी:
सगळे एका मापाने मोजू नको भिया. त्यातल्या सर्कसवाल्या गेममध्ये एकदा उडी मारली की हवेत काही करता येत नाही, मारिओत बटण जास्त वेळ दाबलं तर उडी उंच जाते आणि हवेत मागेपुढे पण होता येतं. १९८५ चा गेम, जेमतेम ४० केबी, ढग आणि झुडूप एकच चित्र, फक्त रंग वेगळा. पहिल्या लेव्हलला मशरूम पाइपला आपटून आपल्याकडेच येतं, म्हणजे एक अक्षर न वाचता पोराला कळतं की हे खायचंय. ही कारागिरी आहे, आठवणींचा काय संबंध.

राजवाडा_कट्टा:
आणि तो गोळीबारवाला कॉन्ट्रा? एका गोळीत मरायचं, तीन लाइफ, हे भारी?? वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए अशी बटणं दाबून, म्हणजे कोड मारून, ३० लाइफ घेतल्याशिवाय आमच्या गल्लीत कोणी संपवला नाही. तो कोड पण आधी १९८६ च्या ग्रेडियस नावाच्या गेममधला, बनवणाऱ्यालाच टेस्टिंग करताना गेम जड जात होता म्हणून घातलेला. आम्ही वेळ घालवायला खेळायचो, दुसरं होतं काय.

जुना_रिमोट:
बदकं मारायच्या गेमची बंदूक एलईडी टीव्हीवर लावून गेम भंगार म्हणू नका म्हणजे झालं. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड पकडतो. हा सगळा हिशोब डब्बा टीव्हीच्या टायमिंगवर, नव्या टीव्हीवर चित्र उशिरा येतं, नेम कितीही धरा. उडीवाल्या गेमला पण हाच उशीर नडतो, टीव्हीत गेम मोड असेल तर तो लावून बघ.

खमंग_शेव:
गेम मोड लावला, मारिओ बराच सुधारला. सर्कस मात्र बोर ती बोरच. आणि काल टँकवाला लावला, दोघं मिळून. चुकून माझी गोळी भाच्याला लागली तर त्याचा टँक जागच्या जागी अडकला, तेवढ्यात जो वाचवायचा असतो तो खालचा गरुड गेला. तो जो चिडला, पुढच्या डावात मुद्दाम मला अडकवून हसत बसला. नंतर त्याला कळलं की यात स्वतःची लेव्हल बनवता येते, तर गरुडाभोवती सगळं लोखंड लावून ठेवलंय. मोबाईल चार्जिंगला आहे. माझा टँक बाहेर कुठून काढायचा ते सांगा आता, वाटच ठेवली नाही त्याने.