झोपेत लकवा: साडेचार तास कुठून मोजायचे?

कृष्णाकाठची: अण्णा रात्री बातम्या बघून झोपले. सकाळी तोंड वाकडं, उजव्या हातातून चहाचा कप सुटला. दवाखान्यात पहिला प्रश्न, "शेवटचे धडधाकट कधी पाहिले?" म्हटलं, रात्री दहाला. मग गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांतच देतात म्हणून दिलंच नाही. झोपेत झटका आलेल्यांना उपायच नाही का?

डॉक्टर_फिरस्ता: ताई, वेळ तिथूनच धरतात, कारण झटका कधी आला ते कुणालाच ठाऊक नसतं. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'वेक-अप' नावाच्या संशोधनात एमआरआय बघून अशांना इंजेक्शन दिलं. इजा एमआरआयच्या 'डिफ्यूजन' प्रकारच्या चित्रात दिसते आणि 'फ्लेअर' या दुसऱ्या प्रकारात ठळक नाही, म्हणजे झटका बहुधा ताजा. जास्त रुग्ण सावरले. मेंदूत रक्तस्राव मात्र थोडे जास्त दिसले. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर निवडक रुग्णांची गुठळी २४ तासांपर्यंत कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून, काढता येते.

कृष्णाकाठची: इथलं एमआरआय दहाला उघडतं हो!

डॉक्टर_फिरस्ता: खरं दुखणं तेच. निदान रात्रीही सीटी स्कॅन होणारं जवळचं हॉस्पिटल आत्ताच शोधून ठेवा.

पेठेतला_बंड्या: आणि अण्णांना रोज पेपर मोठ्यानं वाचायला लावा. आमच्या काकांची जीभ अग्रलेखांनीच सुटली, आता थांबत नाहीत.