जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ११८० मध्ये उत्तर जर्मनीतली सॅक्सनी वाटून टाकली, ती स्वतःकडे का नाही ठेवली?

गडवाट
बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून धागा काढतोय. माझं म्हणणं असं की जर्मन सम्राट जमिनी आणि पदव्या वाटून टिकले आणि त्या वाटपापायीच पोकळ झाले. हाइनरिश सिंह (‘सिंह’ हे टोपणनाव) हा बार्बारोसाचा मामेभाऊ, सॅक्सनी आणि बव्हेरिया दोन्हीकडचा ड्यूक, म्हणजे सम्राटाखालचा मोठा सरदार. इटलीच्या मोहिमेला त्याने मदत नाकारली, सम्राट ११७६ ला तिथे लेन्यानोच्या लढाईत हरला, मग दरबारात बोलावलं तरी हा हजर होईना, शेवटी सगळं जप्त. इथवर ठीक. पण पुढे काय केलं? गेल्नहाउझेनला सॅक्सनीचे दोन तुकडे, पश्चिमेकडचा कोलोनच्या आर्चबिशपला, पूर्वेकडचा आनहाल्टच्या बेर्नहार्डला, आणि नंतर बव्हेरिया विटल्सबाख घराण्याला. ते घराणं तिथे १९१८ पर्यंत होतं! फ्रान्सचा राजा फिलिप याने १२०४ ला नॉर्मंडी घेतली ती सरळ राजाच्या खात्यात टाकली. हा फरक मला फार मोठा वाटतो.

रात्रपाळी
नाही पटलं. फिलिपकडे नॉर्मंडी सांभाळायला माणसं होती, बार्बारोसाकडे सॅक्सनीत कोण होतं? त्याचं स्वतःचं बळ श्वाबिया, अल्सासकडे, धड राजधानीही नाही, दरबार सतत घोड्यावर, आज या वाड्यात तर उद्या त्या मठात. शिवाय ज्या सरदारांच्या जिवावर हाइनरिशला पाडलं त्यांना वाटा नको? दिला नसता तर पुढच्या वेळी कोण आलं असतं. तुम्ही आजच्या नकाशावरून बघताय, म्हणजे जणू जमीन हीच सत्ता. तिथे देण्याचा हक्क हीच सत्ता होती.

११५६ चा रेगेन्सबुर्गजवळचा प्रसंग बघा, फ्रायझिंगच्या बिशप ओटोने लिहून ठेवलाय. बव्हेरियाचा जुना ड्यूक सात निशाणं सम्राटाच्या हाती देतो, म्हणजे पद सोडलं. सम्राट ती हाइनरिश सिंहाला देतो. तो त्यातली दोन परत करतो, आणि त्या दोन निशाणांवर ऑस्ट्रिया नावाची नवीन डची (ड्यूकचा मुलूख) तयार होते आणि जुन्या ड्यूकला, त्याच्या बायकोसकट, मिळते. एक थेंब रक्त नाही. काल नव्हतं असं पद सम्राट उभं करतो आणि दोन्ही घराणी ते मान्य करतात, ही ताकद नाही तर काय?

गडवाट
प्रसंग सुंदर आहे, पण ऑस्ट्रियाच्या ड्यूकला तेव्हा जी सनद दिली तिच्यातल्या अटी वाचा ना. मुलीलाही वारसा चालेल, मूलबाळ नसेल तर ड्यूक स्वतः पुढचा सुचवणार, दरबाराला यायचं ते फक्त बव्हेरियात भरला तर, लढाईला जायचं ते शेजारच्या मुलखापुरतं. सरंजाम दिला म्हणायचं आणि हातात वतन ठेवायचं, झालं. परत मागायची सोयच ठेवली नाही.

ओलीमाती
दोघंही चर्चला विसरताय!! वारस नसलेला जहागीरदार हवा हे दहाव्या शतकातल्या जर्मन राजाने, ओटो पहिल्याने, बरोबर ओळखलं होतं, बिशपला कायदेशीर मुलगा नाही, तो मेला की जागा पुन्हा राजाकडे. ९५३ मध्ये त्याने सख्ख्या भावाला, ब्रुनोला, कोलोनचा आर्चबिशप केलं आणि वर लोरेनची डचीही दिली. ९८१ च्या सुमाराला ओटो दुसऱ्याने इटलीत मागवलेल्या चिलखती स्वारांची यादी आहे, जवळपास दोन हजार, त्यातले बहुतेक बिशपांनी आणि मठांनी पाठवायचे होते. म्हणून बिशपपदाची खूण असलेली अंगठी आणि दंड कोणी द्यायचा यावर पोपशी एवढं भांडण पेटलं, १०७७ ला कानोसाला जर्मन राजाला पोपची माफी मागावी लागली ते उगीच नाही. ११२२ ला वोर्म्सच्या तहात अंगठी-दंड सुटले, सम्राटाकडे राजदंड देऊन जमीन बहाल करणं तेवढं उरलं. माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं, ११८० ला नाही.

गडवाट
चर्चचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण मग बार्बारोसाचा नातू सम्राट फ्रेडरिक दुसरा, त्याने १२२० ला बिशपांना आणि १२३२ ला इतर सरदारांना नाणी, जकात, किल्ले यांचे हक्क का दिले? तेही वाटपच.

रात्रपाळी
बरेचसे हक्क आधीच त्यांच्या हातात होते, त्याने शिक्का मारला. आणि तीनच वर्षांनी काय झालं तेही बघा. हाइनरिश सिंहाकडे ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्गच्या घरच्या जमिनी उरल्या होत्या, त्या कुणाच्या मेहेरबानीच्या नव्हत्या. त्याचा नातू ओटो १२३५ ला माइन्त्सला येतो, त्या स्वतःच्या जमिनी सम्राटाच्या पदरात घालतो आणि त्याच जमिनी सरंजाम म्हणून परत घेतो. कशासाठी? ड्यूक म्हणवून घ्यायला. घरची मालकी सोडून माणूस सम्राटाच्या हातून पदवी घेतोय, तेव्हा त्या पदवीला किंमत होती की नव्हती ते तुम्हीच सांगा.

गडवाट
किंमत होती, नाही म्हणत नाही. पण जमीन संध्याकाळी होती त्याच्याकडेच ना?