कुकी बंद केली म्हणून बॅनर काढता येत नाही

मॅटोमो या वेबसाइटच्या भेटी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुकी (साइट वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) बंद केल्या की संमतीचा बॅनर लागत नाही, असं म्हटलं जातं. सरसकट तसं नाही. युरोपियन युनियनच्या ईप्रायव्हसी निर्देशाचं (ऑनलाइन गोपनीयतेच्या नियमांचं) कलम ५(३) केवळ कुकीपुरतं नाही. वापरकर्त्याच्या उपकरणावर माहिती साठवणं किंवा तिथून वाचणं, दोन्हींना ते लागू होतं. शिवाय देशागणिक फरक आहे. फ्रान्सची माहिती-गोपनीयता नियामक संस्था, सीएनआयएल, निव्वळ वाचकमोजणीला संमतीतून सूट देते, पण अटींवर: आकडे फक्त त्याच साइटसाठी, इतर माहितीशी जोडायचे नाहीत. कुकीचं आयुष्य जास्तीत जास्त १३ महिने, गोळा केलेली माहिती २५ महिने. जर्मनीत ही सूट गृहीत धरू नका.

मॅटोमोत आयपीचे (वाचकाच्या इंटरनेट पत्त्याचे) शेवटचे २ बाइट पुसा, यूजर आयडी, हीटमॅप (पानावर कुठे क्लिक झालं त्याचा नकाशा) आणि सेशन रेकॉर्डिंग (वाचकाच्या हालचालींचं चित्रण) बंद ठेवा, गोपनीयता पानावर ऑप्ट-आउट, म्हणजे मोजणीतून बाहेर पडण्याचा पर्याय, द्या. मॅटोमोच्या कोडमध्ये कुकी बंद करण्याची ओळ पेज-व्ह्यू (पान पाहिल्याची नोंद) पाठवणाऱ्या ओळीच्या आधी हवी, नाहीतर कुकी पडतेच.

सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट म्हणजे यूआरएल, म्हणजे पानाचा पूर्ण पत्ता. पासवर्ड रीसेटच्या दुव्यात ईमेल असेल तर तो जसाच्या तसा अहवालात साठतो. मग आयपी पुसून काय उपयोग? यूआरएलमधले असे पॅरामीटर (पत्त्याला जोडलेले तपशील) मॅटोमोच्या वगळण्याच्या यादीत आधी टाका.